बुडालेले जहाज पाहायला जाताय? आधी एवढे ठरवा

'गुलदार' या निवृत्त युद्धनौकेचे नाव वर्तमानपत्रांत येऊ लागल्यापासून ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या वाचकांचे प्रश्न फिरून फिरून त्याच मुद्द्यांवर येतात. पोहता येत नाही, तरी चालेल का? पाणी उथळ असेल तर प्रशिक्षण कशाला? जहाजाच्या आत शिरता येते का? तळाशी एखादी पितळी वस्तू मिळाली तर घरी आणता येईल का? या सगळ्यांच्या मुळाशी दोन समजुती आहेत. एक, पाणी उथळ म्हणजे काम सोपे. दुसरी, सोडून दिलेले जहाज म्हणजे बेवारस माल. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि पहिली तर जिवावर बेतू शकते. उथळपणामुळे डायव्हिंगमधला फक्त एक मोठा धोका कमी होतो, बाकीचे तसेच राहतात आणि त्यांतले दोन-तीन वाढतात. म्हणून पुढे जे लिहिले आहे त्याचा रोख एकाच सल्ल्याकडे आहे: पहिली काही वर्षे बुडालेले जहाज बाहेरून पाहा, आत शिरू नका, आणि बाहेरून पाहण्यासाठीसुद्धा तयारी करून जा.

आपल्याकडे पाहण्याजोगे काय आहे?

आयएनएस गुलदार ही पोलंडमध्ये ग्दिनियाला बांधलेली, रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणारी युद्धनौका. ३० डिसेंबर १९८५ रोजी ती नौदलात आली आणि १२ जानेवारी २०२४ रोजी अंदमानात पोर्ट ब्लेअरला निवृत्त झाली. लांबी सुमारे ८४ मीटर, म्हणजे लोकलचे चार डबे एकामागे एक लावल्यावर होईल तेवढी. फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवारच्या नौदल तळावर ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या, म्हणजे एमटीडीसीच्या ताब्यात देण्यात आली. सिंधुदुर्गात निवतीजवळच्या खडकांच्या परिसरात ती तळाशी बसवायची आणि तिच्याभोवती पाण्याखालचे संग्रहालय व कृत्रिम प्रवाळभित्ती तयार करायची, अशी ही योजना आहे. निवृत्त युद्धनौका लोकांना दाखवायची ही कल्पना कल्याणकरांना नवी नाही, दुर्गाडी किल्ल्याजवळ टी-८० ही नौदलाची नौका त्यासाठीच आणलेली आहे. फरक इतकाच की टी-८० पाहायला चपला घालून जाता येते. कुणी 'गुलदार डायव्ह' म्हणून आगाऊ पैसे मागत असेल, तर त्या जागी पर्यटकांना उतरवण्याची परवानगी त्याच्याकडे आहे का, हे थेट एमटीडीसीकडे विचारून मगच पैसे भरा. योजनेची बातमी आणि प्रत्यक्ष सुरू झालेली सोय यांतल्या अंतरावर पोट भरणारे लोक प्रत्येक पर्यटनस्थळी असतात.

दुसरा प्रकार अपघाताने बुडालेल्या जहाजांचा, आणि इथे बरेच वाचक विचारतात की मुंबईच्या आसपास इतकी जहाजे बुडाली आहेत, मग मालवणपर्यंत जायचेच कशाला? ४ ऑगस्ट २०११ रोजी एमव्ही राक कॅरियर हे कोळशाचे जहाज मुंबईपासून साधारण वीस सागरी मैलांवर बुडाले, त्याच्या आदल्या वर्षी जेएनपीटीजवळ एमएससी चित्रा दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन कलंडले, आणि १७ जुलै १९४७ ची 'रामदास' बोट तर रेवस-अलिबागकडच्या घराघरांत अजून ठाऊक आहे. पण यांतले एकही ठिकाण हौशी डायव्हरचे नाही. मुंबई बंदराच्या आणि ठाणे खाडीच्या पाण्यात गाळ इतका असतो की हात लांब केला तर बोटे दिसतील याची खात्री नाही. वरून व्यापारी जहाजांचा मार्ग जातो आणि बाजूला नौदलाचा परिसर आहे. चित्रावरच्या कंटेनरांत कीटकनाशके होती, ते कंटेनर समुद्रात पडून दूरवर वाहत गेले आणि कित्येक दिवस मासेमारी व जलवाहतूक अडली. अपघाताने बुडालेल्या जहाजाच्या पोटात काय उरले आहे, हे कुणी तुमच्यासाठी तपासून ठेवलेले नसते. रामदाससारख्या ठिकाणाविषयी आणखी एक गोष्ट: सहाशेहून अधिक माणसे जिथे गेली ते पर्यटनस्थळ नव्हे, एवढे तारतम्य वाचकांना सांगावे लागू नये.

गोव्यात ग्रँड आयलंडच्या परिसरात 'सुझीज रेक' या नावाने डायव्हर वर्षानुवर्षे एका जुन्या जहाजाच्या अवशेषांपाशी उतरतात. ठाण्या-डोंबिवलीच्या माणसाला खरेखुरे बुडालेले जहाज पाहण्याचा रुळलेला मार्ग तोच. मालवण-तारकर्ली परिसरात खडक, मासे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे समुद्री जग पाहायला मिळते. त्यातला काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, हे ध्यानात ठेवा. पुढे कायद्याचा विषय येतो तेव्हा त्याला अर्थ आहे.

उथळ पाण्याचा हिशेब

पाण्यात दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाचा दाब वाढतो. पृष्ठभागावर एक, दहा मीटरवर दोन, वीसवर तीन, तीसवर चार. आता उलट दिशेने या. तीस मीटरवरून वीसवर येताना फुप्फुसातली हवा प्रसरण पावून सव्वा-दीड पटीच्या आत राहते. वीसवरून दहावर दीड पट. आणि दहावरून पृष्ठभागावर येताना सरळ दुप्पट. म्हणजे आकारमानातला सर्वांत मोठा बदल शेवटच्या दहा मीटरांत, ज्याला आपण उथळ म्हणतो तिथेच घडतो. सिलेंडरची हवा घेतल्यावर घाबरून श्वास रोखून वर झेपावणाऱ्या माणसाचे फुप्फुस दीड-दोन मीटर खोलीवरूनही फाटू शकते, आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. जलतरण तलावाच्या खोल टोकाशी घडू शकणारी ही गोष्ट आहे. उथळपणामुळे खरोखर कमी होतो तो नायट्रोजनचा धोका, म्हणजे खोलवर फार वेळ राहिल्याने सांध्यांत आणि मज्जारज्जूत बुडबुडे धरण्याचा. एका जोखमीचा दिलासा सगळ्या जोखमींना लावायचा, ही या विषयातली सर्वांत महागडी चूक.

दुसरा मुद्दा लाटेचा. आठ-आठ सेकंदांनी येणारी लाट खोल समुद्रात सुमारे शंभर मीटर लांबीची असते आणि तिची हालचाल त्या लांबीच्या निम्म्यापर्यंत खाली जाणवते. म्हणजे आठ-दहा मीटर खोलीवरचा माणूस त्या हालचालीच्या अगदी मध्यात असतो: एकदा पुढे ढकलला जातो, एकदा मागे ओढला जातो. मोकळ्या वाळूवर याची गंमत वाटते. पण समोर गंजून धारदार झालेला पत्रा असेल तर तीच ढकल तुमचा हात किंवा नळी त्यावर नेऊन आदळते. अशा जहाजांवर मासे जमतात, माशांमागे जाळी येतात, जाळी पत्र्यात अडकून फाटतात आणि तिथेच राहतात. नायलॉनचे पारदर्शक जाळे पाण्यात दिसत नाही, ते अडकल्यावरच कळते. त्यात उथळ पाण्यावरून मच्छीमारांच्या होड्या आणि जेट-स्की फिरत असतात, त्यामुळे चुकीच्या जागी डोके वर काढणे हाही धोकाच.

यावर नेहमीचे उत्तर असते की गावातली पोरे इतकी वर्षे पर्यटकांना पाण्यात नेत आहेत, काय झाले? मुद्दा अगदीच उडवून लावण्याजोगा नाही. किनाऱ्यावरच्या मुलांना पाण्याची जाण आपल्यापेक्षा दसपट असते, आणि हात धरून पाच-सहा मीटरवर नेलेले बहुसंख्य पर्यटक सुखरूप परत येतात हे खरेच. पण हा अनुभव मोकळ्या खडकांचा आहे, जहाजांचा नव्हे. आणि अपघात नेहमी पाण्याखालीच होतो असेही नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी वीस पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. पाण्याखालचा भाग आटोपून सगळे वर आले होते. हंगामाचा तो अगदी शेवटचा आठवडा होता, आणि मेच्या अखेरीस समुद्र कसा फिरतो हे कुठल्याही तांडेलाला विचारा.

आत शिरायचे की बाहेरून पाहायचे?

मोकळ्या पाण्यात काही बिघडले तर डोक्यावर पृष्ठभाग असतो. जहाजाच्या आत डोक्यावर छत असते. एवढ्या एका फरकाने सगळे गणित बदलते: बाहेर जी अडचण तीस सेकंदांत सुटते, ती आत गेल्यावर आधी दरवाजा शोधून मग सोडवावी लागते. आणि दरवाजा दिसेनासा व्हायला कुणी बंद करावा लागत नाही. मजल्यांवर साचलेल्या बारीक गाळात एक फिन चुकीचा हलला की काही क्षणांत सगळीकडे गढूळ होते, टॉर्चचा झोत दुधात मारल्यासारखा परत डोळ्यांवर येतो आणि वर कुठे, खाली कुठे हेही कळेनासे होते.

इथे एक आक्षेप रास्त आहे. मुद्दाम बुडवलेले जहाज तर आधी साफ करतात, तेल-रसायने काढतात, बाहेर पडायला मोठी भोके पाडतात. मग त्यात शिरायला काय हरकत? याचे उत्तर इंग्लंडमधल्या एचएमएस स्किला या नौकेने दिले आहे. २००४ मध्ये कॉर्नवॉलजवळ व्हिट्सँड बे इथे ती डायव्हरांसाठीच, पूर्ण तयारी करून बुडवली गेली. खोली विशीच्या घरातली. सुरुवातीला आत फिरणे सोयीचे होते. पण समुद्र थांबत नाही: आत गाळ भरत गेला, पत्रे गंजले, वाटा बदलल्या. २००७ मध्ये आत गेलेले दोघे मेले आणि २०२१ मध्ये पुन्हा दोघे. हे लोक नवखे पर्यटक नव्हते, डायव्हिंगचे शिक्षण घेतलेले होते. आपल्या कोकण किनाऱ्यावर दर पावसाळ्यात नद्या जो गाळ आणतात तो पाहता, इथे पाडलेली भोके किती वर्षे मोकळी राहतील याचा अंदाज कुणीही करावा. जहाज आज तयार केलेले आहे, याचा अर्थ ते दहा वर्षांनी तयार असेल असा होत नाही.

जहाजाच्या आत जाण्याचे वेगळे प्रशिक्षण असते. पाडी या संस्थेच्या रेक डायव्हर अभ्यासक्रमातसुद्धा बाहेरचा उजेड दिसेल तिथपर्यंतच जायचे, आणि खोली व आतले अंतर मिळून पृष्ठभागापासून चाळीस मीटरच्या पुढे जायचे नाही, अशी मर्यादा आहे. दोरीचे रीळ बांधून वाट राखायची, दोन टॉर्च न्यायचे, हवेचा एक तृतीयांश भाग आत जाताना, एक तृतीयांश बाहेर येताना आणि उरलेला अडचणीसाठी राखायचा. ज्याला हे करायचे आहे त्याने जरूर शिकावे. पण 'थोडेसे आत डोकावून येऊ' या बेतात यातले काहीच बसत नाही, आणि गाईडने बोलावले म्हणून जाणे तर नाहीच नाही. नकाराची खूण आधी ठरवून घ्या आणि ती वापरायला संकोच करू नका.

तुमच्यासाठी कोणता मार्ग?

* एकदाच पाण्याखाली जाऊन पाहायचे आहे. यासाठी ओळखीचा डायव्ह पुरतो: थोडे सांगणे, उथळ पाण्यात सराव, मग प्रशिक्षकासोबत खाली. पाडीच्या नियमांत याची मर्यादा बारा मीटर आणि वय किमान दहा वर्षे आहे. पोहता येणे अनेक ठिकाणी सक्तीचे नसते. पण असा डायव्ह खडकांवर करा, जहाजावर नको. एक प्रशिक्षक आणि हातात धरलेले चार पर्यटक हे दृश्य दिसले तर परत फिरा. पहिल्या वेळी तुमच्यासाठी एक स्वतंत्र माणूस हवा.
* जहाज बाहेरून नीट पाहायचे आहे. ओपन वॉटर अभ्यासक्रम करा. तीन-चार दिवस लागतात, मर्यादा अठरा मीटर. त्यासाठी न थांबता २०० मीटर पोहणे आणि दहा मिनिटे पाण्यावर तरंगणे जमावे लागते. एमटीडीसीची तारकर्लीची स्कूबा प्रशिक्षण संस्था हे शिकवते, गोव्यातही केंद्रे आहेत.
* गुलदारसारख्या मोठ्या जहाजाभोवती सावकाश फिरायचे आहे. वीस मीटरच्या आसपास तळ असेल तर ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर लागेल, मर्यादा तीस मीटर. पाण्यात एका उंचीवर स्थिर राहण्याचे कौशल्य इथे सर्वांत उपयोगी. गाळ न उडवता आणि पत्र्याला न शिवता फिरणे त्यावरच अवलंबून असते.

यातल्या दुसऱ्या मार्गाची निम्मी तयारी घराजवळ होते. ठाण्याचा मारोतराव शिंदे तरणतलाव असो की जवळचा कुठलाही, दोनशे मीटर दमछाक न होता पोहता येईपर्यंत महिना-दीड महिना तिथे घालवा. खर्च जास्त होतो ही तक्रार मान्य. चार दिवसांचा अभ्यासक्रम एका ओळखीच्या डायव्हच्या कित्येक पट महाग पडतो. पण हे कार्ड आयुष्यभराचे असते, आणि हात धरून नेणाऱ्या माणसाला खाली चक्कर आली तर काय करायचे याचे उत्तर स्वस्त पर्यायात कुठेच नसते.

वैद्यकीय फॉर्म खरा भरा. दमा, हृदयविकार, फिट येणे, कानाची शस्त्रक्रिया, सायनसचा त्रास, मधुमेहाची औषधे, गर्भारपण: यांतल्या कशालाही 'हो' असेल तर डॉक्टरांची सही लागते, आणि गर्भवतींनी डायव्ह करूच नये. साधी सर्दीसुद्धा पुरेशी अडचण आहे, कारण कान मोकळे होत नाहीत आणि पडदा फाटू शकतो. पैसे भरले आहेत म्हणून नाकात थेंब घालून उतरणारे लोक पाहिले की फॉर्म भरून घेण्याचा काय उपयोग असा प्रश्न पडतो.

पैसे देण्याआधी विचारा, पाण्याआधी तपासा

महाराष्ट्र सरकारच्या ऑगस्ट २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते, आणि पर्यटक नेणाऱ्या बोटीला महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाची परवानगी लागते. दोन्ही कागद व्हॉट्सॲपवर मागवा. खरा व्यावसायिक ते पाच मिनिटांत पाठवतो, रागावत नाही. शिवाय:

* प्रशिक्षकाचे नाव आणि त्याचा प्रमाणपत्र क्रमांक काय? तोच माणूस पाण्यात येणार आहे का?
* बोटीवर आपत्कालीन ऑक्सिजन आहे का आणि तो द्यायला कोण शिकलेले आहे?
* प्रत्येकाला लाइफ जॅकेट मिळणार का, आणि बोटीची मर्यादा किती माणसांची आहे?
* हवामानामुळे डायव्ह रद्द झाला तर पैसे परत की पुढची तारीख? हे लेखी हवे.
* दाबाच्या आजारावर उपचार करणारे जवळचे केंद्र कुठले? मुंबईत नौदलाचे आयएनएचएस अश्विनी रुग्णालय आहे, पण मालवणहून तिथवर पोहोचण्याची योजना त्यांच्याकडे हवी.

बोटीवर बसल्यावर स्वतः करायची एक तपासणी आहे, आणि ती प्रशिक्षणाशिवायही जमते. सिलेंडर उघडल्यावर दाबाच्या मीटरचा काटा २०० बारच्या आसपास हवा. आता तो काटा डोळ्यांसमोर धरा आणि तोंडातल्या रेग्युलेटरमधून तीन-चार लांब श्वास घ्या. काटा जागचा हलता कामा नये. प्रत्येक श्वासाला तो खाली डुचकत असेल, तर झडप पूर्ण उघडलेली नाही; वर कसाबसा श्वास मिळेल, दहा मीटरवर मिळणार नाही. याच वेळी हवेचा वास घ्या. तेलाचा किंवा धुराचा वास आला तर कॉम्प्रेसरने इंजिनाचा धूर ओढला असू शकतो, आणि त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड खोलीवर अधिक घातक ठरतो. तो सिलेंडर सरळ नाकारा. सिलेंडरच्या खांद्यावर दाब-चाचणीचा महिना आणि वर्ष ठोकलेले असते, तेही वाचा. खाली गेल्यावर काटा ५० ते ७० बारवर येण्याआधी वर यायला निघायचे, हे गाईडशी आधीच बोलून ठेवा.

मासे फोटोत जवळ यावेत म्हणून ब्रेड-बिस्किटे टाकण्याची पद्धत मालवणकडे फोफावली आहे. ती मागू नका आणि कुणी टाकायला निघाले तर थांबवा. अभयारण्यालगतच्या माशांना मैद्यावर पोसण्यात काहीही शहाणपण नाही.

तारीख, तिथी आणि परतीचा रस्ता

मेच्या अखेरीपासून ३१ ऑगस्टपर्यंत किनाऱ्यावरची जलपर्यटनाची कामे बंद असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ती सुरू झाली तरी नद्यांचे गढूळ पाणी बसलेले नसते. जहाज पाहायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा. मग कालनिर्णय उघडा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी जोरात धावते आणि तळाचा गाळ उठवते. अष्टमी ते दशमीच्या दरम्यान भांगाचे पाणी असते, चढ-उतार कमी, ओढ कमी आणि दिसणे बरे. किनाऱ्यावरच्या कोळ्याला हे सांगावे लागत नाही, पण डोंबिवलीहून शनिवार-रविवार जोडून निघणारा माणूस मात्र सुट्टी पाहून तारीख ठरवतो आणि पौर्णिमेच्या गढूळ पाण्यातून 'काहीच दिसले नाही' म्हणत परततो. दोन शनिवारांपैकी भांगाच्या जवळचा निवडणे फुकट आहे.

परतीचा रस्ता हा डायव्हचाच भाग समजा. शरीरात विरघळलेला जादा नायट्रोजन निघून जायला वेळ लागतो, आणि तोवर उंचीवर गेल्यास हवेचा दाब घटून त्रास होऊ शकतो. एका डायव्हनंतर किमान बारा तास आणि एकाहून अधिक डायव्हनंतर किमान अठरा तास विमान टाळावे, असा डायव्हिंग-वैद्यकाचा संकेत आहे, आणि सुमारे सहाशे मीटरपेक्षा उंच रस्त्यालाही तो लावतात. म्हणून चिपी किंवा मोपा विमानतळावरून त्याच संध्याकाळी उडण्याचा बेत करू नका. गाडीने जाणाऱ्यांची फसगत वेगळीच होते: मुंबई-गोवा महामार्गाच्या कामाला कंटाळून लोक आंबोलीमार्गे कोल्हापूर-पुणे गाठतात. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे आणि पुढे लोणावळाही सहाशेच्या वर. सकाळी डायव्ह, दुपारी आंबोलीचा धबधबा हा बेत सहलीच्या पत्रकावर सुरेख दिसतो, पण क्रम उलटा करा: जाताना घाट, येताना किनारा. कोकण रेल्वे त्यापेक्षाही बरी. ठाण्याला थांबणाऱ्या गाड्या आहेत, आणि कल्याण-डोंबिवलीकरांसाठी दिव्याहून सावंतवाडीची गाडी सुटते. कुडाळला उतरायचे. शेवटच्या डायव्हनंतर एक रात्र तिथेच मुक्काम केलात तर घड्याळ पाहायची गरजच राहत नाही.

परतल्यावर एक-दोन दिवसांत सांधे दुखणे, मुंग्या, असाधारण थकवा, चक्कर किंवा लघवीला अडचण जाणवली, तर 'प्रवासाचा शीण' म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की डायव्ह केला होता, किती खोल आणि केव्हा. घराजवळच्या दवाखान्यात हा आजार क्वचितच समोर येतो, त्यामुळे ही माहिती तुम्हीच द्यायला हवी.

तळाशी सापडलेली वस्तू कुणाची?

तुमची नाही. हे थोडक्यात संपवता आले असते, पण 'सोडून दिलेले' या समजुतीमुळे चांगली माणसे यात अडकतात. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात 'बसरा स्टार' हे जहाज रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर येऊन बसले आणि काही वर्षे तिथेच राहिले. येणारे-जाणारे त्याला बेवारस म्हणत, फोटो काढत. पण जहाज हलत नाही याचा अर्थ त्यावरचे हक्क संपले असा होत नाही. मालक असतो, विमा कंपनी असते, सरकारी देणी असतात. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यात बुडालेल्या किंवा फुटलेल्या जहाजाचा माल सापडलेल्याने 'रिसीव्हर ऑफ रेक' या अधिकाऱ्याला कळवावे अशी तरतूद आहे. त्या जागी संसदेने २०२५ मध्ये नवा कायदा मंजूर केला, त्यातही अशा जहाजांसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो. प्रवाळाची फांदी किंवा समुद्रपंखा तोडला तर वन्यजीव संरक्षण कायदा, आणि अभयारण्याच्या हद्दीत गोष्ट आणखी गंभीर. गुलदार तर सरळ सरकारी महामंडळाची मालमत्ता.

कायद्यापलीकडेही एक कारण आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सुंची रीफवर हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, तोफा आणि चिनी मातीची भांडी यांवरून सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज व्यापाराचा मागोवा घेतला. सेंट जॉर्ज रीफवर बुडालेल्या जहाजाचा काळ ठरवायला बासेल मिशनच्या कारखान्याची, १८६५ हे वर्ष कोरलेली कौले उपयोगी पडली. सुंचीचे पाणी जेमतेम तीन ते सहा मीटर खोल. अशा जागांवरून पर्यटकांनी ती कौले बैठकीच्या खोलीसाठी उचलली असती, तर जहाजाचा काळ सांगणारा पुरावाच गेला असता. काही दिसले तर जागेवरच फोटो घ्या, खोली आणि जागा लिहून ठेवा, आणि केंद्रामार्फत मेरीटाईम बोर्ड किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा.

काही बिघडले तर

समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, किनाऱ्यावर ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. निघण्याआधी तुमची अपघात विमा पॉलिसी उघडून वगळलेल्या बाबी वाचा. बऱ्याच पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात आणि ते पान दावा नाकारला गेल्यावरच लोकांना सापडते.

बोटीवर चढताना 'सर्व जबाबदारी माझी' असा फॉर्म पुढे येतो. त्यावर सही केली म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही. फॉर्मचा अर्थ इतकाच की डायव्हिंगमध्ये मुळात असलेली जोखीम तुम्हाला ठाऊक होती. सदोष सिलेंडर, नोंदणी नसलेली बोट, शिकलेला प्रशिक्षक सांगून भलत्यालाच पाठवणे, ही सेवेतली त्रुटी आहे आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तिची तक्रार होऊ शकते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पैसे परत मिळण्यासारखे साधे प्रकरण पुष्कळदा तिथेच मिटते.

न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. इथे एक सोय अनेकांना ठाऊक नसते: नव्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगातही तक्रार दाखल करता येते. म्हणजे घटना मालवणची असली तरी ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीच्या रहिवाशाला तारखांसाठी ओरोसला जावे लागत नाही, ठाणे जिल्हा आयोग चालतो. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करण्याची फी नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार ऑनलाइनही करता येते. मुदत घटनेपासून दोन वर्षे. पावती, यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचे संभाषण, फॉर्मचा फोटो, बोटीच्या क्रमांकाचा फोटो आणि उपचार घेतले असतील तर त्याचे कागद एकत्र ठेवा. त्यातला बोटीच्या क्रमांकाचा फोटो चढण्याआधीच काढा, कारण पुढच्या रविवारी त्याच बोटीवर दुसरे नाव असू शकते.